मूल रात्री कुठे झोपतं, हे आधी विचारा

ख्रिस्तात सप्रेम सलाम. तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे समजण्यात चूक झाली असेल तर कळेल. इंग्लंडमध्ये रेडिंगच्या आसपास राहणारी तुम्ही बारा मराठी ख्रिस्ती कुटुंबं महिन्यातून एकदा उपासनेला एकत्र जमता. गेल्या नाताळपासून दानार्पणातला काही भाग परदेशातल्या गरीब मुलांच्या शिक्षणासाठी बाजूला ठेवता आहात. ओळखीतून पश्चिम केनियातल्या एका पाळकांशी संपर्क झाला. त्यांचं मुलांचं वसतिगृह आहे आणि त्यावर त्यांना आणखी एक मजला चढवायचा आहे. पैसे मजल्याला द्यावेत, एकेका कुटुंबाने एकेका मुलाचं शैक्षणिक पालकत्व घ्यावं, की पुस्तकं आणि गणवेश पाठवावेत, असं तुम्ही विचारलं आहे.

मजल्याला देऊ नका. त्याच पाळकांच्या मंडळीला मदत करा, पण मूल संध्याकाळी स्वतःच्या घरी जाईल अशा कामासाठी करा. आणि किमान सात-आठ वर्षं देणार असाल तरच सुरुवात करा. हे एवढं ठामपणे का म्हणते, ते आता सांगते.

मी आधी आठ वर्षं नगर जिल्ह्यात वसतिगृहांचं काम केलं आणि मग अकरा वर्षं केनियात, बुसिया आणि बुंगोमा या युगांडाच्या सीमेलगतच्या भागात. ऊस, मका, तांबडी माती, पावसात चिखलाने बंद होणारे रस्ते. नगरहून गेलेल्या माणसाला तो मुलूख फारसा परका वाटत नाही. तिथली उगाली म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट उकड, आणि बायकांचा चामा म्हणजे आपली भिशी. मी ज्या संस्थेबरोबर गेले होते, तिनेही पहिल्या काही वर्षांत वसतिगृहच बांधलं होतं. देणगीदारांना इमारत आवडते. तिचा फोटो काढता येतो, भिंतीवर नावाची पाटी लावता येते. आम्ही खाटा मांडल्या आणि खाटा भरल्या. मग एका सुट्टीत आम्ही प्रत्येक मुलाचं घर शोधायला निघालो, तेव्हा कळलं की ज्यांना खरोखर कोणीच नाही अशी मुलं बोटांवर मोजण्याइतकी होती. बाकीच्यांना आई होती, नाहीतर आजी, मावशी, काका. आमच्याकडे जेवण आणि शाळा फुकट मिळते असं ऐकून त्यांनी काळजावर दगड ठेवून मुलं सोडली होती.

त्यातल्या एका आजीचं घर अजून डोळ्यांसमोर आहे. मातीच्या भिंती, वर पत्रा, दारात दोन कोंबड्या. मुलगी आणि जावई दोघंही एचआयव्हीने गेले होते आणि तीन नातवंडं पदरात होती. थोरल्याला तिने आमच्याकडे ठेवलं होतं. आम्हाला बघून ती आत गेली आणि वनस्पती तुपाचा रिकामा प्लास्टिकचा डबा घेऊन बाहेर आली. त्यात थोरल्याच्या शाळेच्या पावत्या होत्या, पहिलीपासूनच्या, घडी घालून ठेवलेल्या. परीक्षा फी, दुपारच्या जेवणाची वर्गणी, एका स्वेटरची पावती. शेवटची पावती तो आमच्याकडे आला त्याच्या आदल्या सत्राची होती. पुढच्या सत्राची परीक्षा फी जमली नाही म्हणून शाळेने त्याला दोन वेळा घरी पाठवलं आणि तिसऱ्या वेळी आजीने त्याला आमच्या दारात आणून सोडलं. त्या घरात आजी होती, प्रेम होतं, शिस्त होती, पावत्या जपणारा हात होता. कमी होती ती एका सत्राच्या फीची. ती फी भरण्याऐवजी आम्ही खाट, गादी, स्वयंपाकी आणि पहारेकरी यांवर कितीतरी पट खर्च करत होतो, आणि वर त्या मुलाला त्याच्या धाकट्या भावंडांपासून तोडत होतो.

हे फक्त आमच्याच बाबतीत घडलं असं नाही. कंबोडियात २००५ ते २०१० या पाच वर्षांत मुलांच्या निवासी संस्था १५४ वरून २६९ झाल्या. त्या काळात तिथे अनाथ मुलं वाढलेली नव्हती. परदेशी पाहुणे आणि परदेशी देणग्या वाढल्या होत्या. त्या संस्थांमधल्या चारपैकी जवळपास तीन मुलांचे आई किंवा वडील हयात होते. ऑस्ट्रेलियाने २०१८ मध्ये आधुनिक गुलामगिरीविरुद्धचा कायदा केला, तेव्हा देणगीसाठी मुलं अनाथालयात आणून ठेवण्याच्या प्रकारालाही त्या चर्चेत जागा मिळाली. खुद्द केनिया सरकारने नोव्हेंबर २०१७ मध्ये नव्या बालगृहांची नोंदणी थांबवली, आणि २०२२ ते २०३२ अशी दहा वर्षांची योजना हाती घेतली आहे, ज्यात मुलांना संस्थांमधून कुटुंबाकडे न्यायचं आहे. तुमच्या पाळकांचा मजला या काळात उभा राहतो आहे, हे लक्षात घ्या. त्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. त्यांना बहुधा हेच माहीत आहे की परदेशी मंडळ्या इमारतीला पैसे देतात.

पवित्र शास्त्रात 'अनाथ आणि विधवा' हे शब्द इतक्या वेळा जोडीने येतात की आपलं तिकडे लक्षच जात नाही. याकोबाच्या पत्रातही ते जोडीनेच आहेत. मूल आणि त्याची आई, म्हणजे एकच घर. आपण मात्र त्यातलं मूल उचलतो आणि विधवेला तिथेच ठेवतो. केनियातल्या एका वयस्क पाळकबाईंनी हे मला दाखवून दिलं, आणि तेव्हापासून ते वचन मी पूर्वीसारखं वाचू शकलेले नाही.

तुमच्यापैकी कोणी म्हणेल, पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती मिशनचं काय? आपल्याकडे तर मुलींना आणून ठेवूनच पिढ्या घडल्या. हा प्रश्न रास्त आहे, कारण परदेशी ख्रिस्ती मदतीवर उभं राहिलेलं आपल्या ओळखीचं सगळ्यात मोठं काम तेच आहे. पण पंडिता रमाबाईंनी ११ मार्च १८८९ ला मुंबईत शारदा सदन उघडलं ते उच्चवर्णीय बालविधवांसाठी, ज्यांना स्वतःच्या घरातच जागा उरलेली नव्हती. पहिल्या विद्यार्थिनींमध्ये गोदूबाई होत्या, म्हणजे पुढच्या आनंदीबाई कर्वे. नंतर १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाईंनी मध्य प्रांतातून ज्या मुली आणल्या, त्यांची घरंच भुकेने उद्ध्वस्त झाली होती. घर खरोखरच नसेल तिथे छप्पर द्यावंच लागतं, आजही.

त्या कामातून मला शिकण्यासारखी वाटते ती दुसरी गोष्ट. रमाबाईंच्या कामाला मदत करायला अमेरिकेत बॉस्टनमध्ये रमाबाई असोसिएशन स्थापन झाली, तेव्हा सभासदांनी वर्षाला किमान एक डॉलर आणि तो दहा वर्षं, असा शब्द दिला. गावोगाव त्यांची मंडळं होती. एक डॉलर ही रक्कम तेव्हाही फार मोठी नव्हती, पण दहा वर्षांच्या त्या शब्दावर एका बाईला शाळा काढता आली, भाड्याची चिंता न करता मुली घेता आल्या. आणि शाळेचं रोजचं काम कसं चालवायचं हे बॉस्टनने ठरवलं नाही, इथल्या माणसांना ओळखणाऱ्या मराठी बाईने ठरवलं. तुम्ही बारा कुटुंबं आहात. मोठी रक्कम एकदा देण्यापेक्षा लहान रक्कम वर्षानुवर्षं देणं तुमच्या हातात आहे, आणि मुलाच्या शाळेला तेच लागतं.

आता पुस्तकं आणि गणवेश यांबद्दल. इथे मी बुसियातलीच एक हकीकत सांगते, कारण जगात कुठे ख्रिस्ती संस्थेच्या शैक्षणिक मदतीचं इतक्या काटेकोरपणे मोजमाप झालं असेल तर ते तिथे. नेदरलँड्समधून सुरू झालेली आय.सी.एस. नावाची ख्रिस्ती संस्था तिथल्या प्राथमिक शाळांना मदत करत होती. १९९० च्या दशकात मायकेल क्रेमर हा अमेरिकन अर्थतज्ज्ञ तिथे एका मित्राला भेटायला आला. तरुणपणी तो त्याच भागात शिक्षक म्हणून राहून गेला होता. संस्थेला एकाच वेळी सगळ्या शाळांत काम सुरू करणं शक्य नव्हतंच. त्याने सुचवलं, मग क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवा आणि आधी सुरू झालेल्या शाळांची तुलना थांबलेल्या शाळांशी करा. त्यातून जे काम वाढत गेलं त्यासाठी त्याला २०१९ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांच्याबरोबर. बॅनर्जींचा जन्म मुंबईचा आणि त्यांच्या आई निर्मलाताई माहेरच्या पाटणकर, म्हणजे आपलाही थोडा धागा त्यात आहे.

पहिली मदत होती पाठ्यपुस्तकांची. जिथे पुस्तकं फारच थोडी होती अशा शाळांना पुस्तकं दिली तर निकाल सुधारणारच, असं सगळ्यांना वाटलं होतं. सरासरी निकाल सुधारला नाही. फायदा झाला तो आधीच पुढे असलेल्या मुलांना. असं का झालं, ते वर्गात बसल्यावर कळतं. पुस्तकं इंग्रजीत होती, आणि बऱ्याच मुलांसाठी इंग्रजी ही तिसरी भाषा. घरी लुह्या किंवा तेसो, बाजारात स्वाहिली, आणि मग इंग्रजी. मी सहावीच्या मुलाला इंग्रजी पुस्तकातल्या ओळीवरून बोट फिरवत खणखणीत आवाजात वाचताना ऐकलं आहे. वाचून झाल्यावर अर्थ विचारला तर तो जमिनीकडे बघत राहिला. त्यामुळे लंडनहून जुन्या पुस्तकांची खोकी पाठवण्याचा विचार तुमच्यापैकी कोणाच्या मनात असेल, तर तो कृपया सोडून द्या.

मग जंतांचं औषध. ७५ शाळा, तीस हजारांहून जास्त मुलं. जंतांच्या गोळीचा खर्च वर्षाला अगदी किरकोळ, आणि गैरहजेरी सुमारे एक चतुर्थांशाने घटली. २०१५ मध्ये त्या आकडेवारीची फेरतपासणी झाली आणि बराच वाद झाला. पण वीस वर्षांनी त्याच मुलांना, आता मोठ्या झालेल्यांना, शोधून काढलं तेव्हा जास्त वर्षं औषध मिळालेल्यांची मिळकत जास्त निघाली. केनिया सरकारने २००९ पासून हे काम देशपातळीवर सुरू केलं. म्हणून आज त्यासाठी तुमच्या पैशांची बहुधा गरज पडणार नाही. फक्त 'आमच्या मुलांना जंतांच्या गोळ्या शेवटच्या कधी मिळाल्या?' एवढं विचारा. पाळकांना लगेच उत्तर देता आलं, तर त्यांचं शाळेशी जाणं-येणं आहे असं समजा.

गणवेशाची गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. केनियात प्राथमिक शिक्षण २००३ पासून मोफत आहे, पण गणवेश पालकांनीच घ्यायचा. ज्या मुलांना गणवेश दिला त्यांची गैरहजेरी एक तृतीयांशाहून जास्त घटली, आणि ज्यांच्याकडे मुळात एकही गणवेश नव्हता त्यांची निम्म्याहून जास्त. हे वाचून आम्ही फार आनंदलो होतो. पण आठ वर्षांनी त्याच मुलांचा माग काढला, तेव्हा ती किती इयत्ता शिकली यात काहीच फरक दिसला नाही. मला यात आश्चर्य वाटत नाही. शर्टामुळे मूल शाळेच्या दारातून आत गेलं. पुढे प्राथमिक संपल्यावर माध्यमिकची फी, वह्या, दूरच्या शाळेचा प्रवास, मुलींच्या बाबतीत लवकर होणारं लग्न किंवा बाळंतपण, या सगळ्या वेळी मदत देणारा निघून गेलेला होता. म्हणूनच मी सुरुवातीलाच वर्षांची अट घातली.

अजून एक प्रसंग सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. त्याच आय.सी.एस. संस्थेने २००१ मध्ये सहावीतल्या हुशार मुलींना शिष्यवृत्ती सुरू केली. बुसियात मुलींचेच काय, ज्यांना शिष्यवृत्ती मिळणारच नव्हती त्या मुलांचेही गुण वाढले, शिक्षकही जास्त नियमित येऊ लागले. शेजारच्या तेसो भागात मात्र त्याच वर्षी एका शाळेवर वीज पडली आणि सात मुलं दगावली. लोकांत कुजबुज सुरू झाली की या परक्या संस्थेमुळेच हे झालं. काही शाळांनी कार्यक्रमातून अंग काढून घेतलं. वीज कोणामुळे पडत नाही हे तुम्हाला-मला माहीत आहे. पण मुलं गमावलेल्या गावात बाहेरून आलेल्या पैशाकडे लोक कसे बघतात, हे मला त्या भागात काम करताना वारंवार जाणवलं. गावातला ओळखीचा माणूस, त्यांच्या अंत्यविधीला येणारा, त्यांच्या हरांबेत म्हणजे गावच्या वर्गणीत स्वतःचे शंभर शिलिंग टाकणारा, असा कोणी मध्ये नसेल तर चांगली मदतही तग धरत नाही. तुमच्या पाळकांची खरी किंमत इथे आहे.

शैक्षणिक पालकत्वाबद्दल माझं मत पूर्वी फारसं चांगलं नव्हतं. एका मुलाला पत्रं आणि भेटी, शेजारच्याला काही नाही, हे बघताना त्रास होतो. पण २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासाने मला मत बदलायला लावलं. कंपॅशन या ख्रिस्ती संस्थेच्या पालकत्व कार्यक्रमात लहानपणी असलेल्या माणसांना, सहा देशांत, भारत आणि केनिया धरून, मोठेपणी शोधून त्यांची तुलना त्यांच्याच भावंडांशी आणि शेजाऱ्यांशी केली. दहा हजारांहून जास्त माणसं. पालकत्व मिळालेली मुलं सरासरी एक ते दीड वर्ष जास्त शिकली होती. त्या कार्यक्रमात मुलं स्वतःच्या घरीच राहत होती. आठवड्यातले काही तास गावातल्या मंडळीच्या केंद्रावर येत, तिथे अभ्यास, खाणं, तब्येतीची तपासणी, आणि नावाने हाक मारणारी मोठी माणसं. ते चालत असे वर्षानुवर्षं. मघाशी सांगितलेली ती आजी आणि तिचा पावत्यांचा डबा याच चौकटीत बसतो.

तेव्हा तुमच्या मंडळीने असं करावं असं मला वाटतं. बारा कुटुंबांनी बारा वेगवेगळी मुलं वाटून घेऊ नका, निधी एकच ठेवा. त्या पाळकांच्या मंडळीतल्या, किंवा अजून चांगलं म्हणजे मंडळीबाहेरच्याही, अशा काही घरांची यादी तिथल्या बायकांच्या चामाला आणि शाळेच्या व्यवस्थापन मंडळाला मिळून करू द्या. गाव ज्या घराबद्दल 'यांना खरंच नड आहे' म्हणतं ते घर बहुतेक बरोबर असतं. त्या घरातल्या सगळ्या शाळकरी मुलांची फी आणि गणवेश, आणि सांभाळणाऱ्या आई-आजीला शेळी, शिवणयंत्र किंवा भाजीच्या धंद्याला थोडं भांडवल. केनिया सरकारनेही २००४ पासून अनाथ मुलं सांभाळणाऱ्या कुटुंबांना थेट रोख मदत द्यायला सुरुवात केली, ती याच समजुतीतून. फी शक्यतो थेट शाळेच्या खात्यात एम-पेसाने, म्हणजे तिथल्या मोबाइलवरून पैसे भरण्याच्या सोयीने, भरली जाईल असं बघा. पावती फोनवर येते आणि पाळकांवर कोणी बोट ठेवत नाही. त्यांच्या मानासाठी तेही महत्त्वाचं आहे.

जमलं तर शनिवारी सकाळी दोन तास, मागे पडलेल्या मुलांना त्यांच्या पातळीपासून वाचायला आणि हिशोब करायला शिकवणारी गावातलीच एक तरुणी नेमा. मुंबईत 'प्रथम' या शिक्षणसंस्थेने 'बालसखी' या नावाने हेच केलं होतं आणि ते मुंबई-वडोदऱ्यात मोजूनही बघितलं गेलं, मागच्या बाकावरच्या मुलांना त्याचा चांगला फायदा झाला. केनियातल्या मुलाला मिळेल त्या मदतीत मला हीच मदत सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात मोलाची वाटते.

मदतीला उपासनेची, बाप्तिस्म्याची अट लावू नका, आणि पाळकांना हे लेखी कळवा. मुमियासच्या बाजूला मुसलमान वस्ती जुनी आहे. त्यांची मुलंही त्याच शाळेत, त्याच बाकावर असतात. अट लावलेली मदत मुलाला लहान वयात खोटं बोलायला शिकवते.

फोटोंची मागणी कमी ठेवा. दर महिन्याला मुलाचा फोटो आणि आभारपत्र मागितलं की तिथली तरुणी शिकवायचं सोडून फोटो काढत बसते. वर्षातून दोनदा हजेरीपट आणि निकाल पुरे. मुलाचं नाव, गाव आणि शाळा एकत्र दिसेल असं काहीही तुमच्या समूहावर टाकू नका. तुम्ही भेटायला गेलात तर मूल एकट्याने कोणाबरोबर बाहेर जाणार नाही, हा नियम तुम्हालाही लागू, पाळकांच्या पाहुण्यांनाही.

पैसे पाळकांच्या खाजगी खात्यावर पाठवू नका. बुसिया-बुंगोमा भागात मंडळ्यांमार्फत काम करणारी, इंग्लंडच्या धर्मादाय आयोगाकडे नोंदलेली संस्था शोधा आणि तिच्यामार्फत द्या. तिचे हिशोब आयोगाच्या संकेतस्थळावर कोणालाही बघता येतात. तुम्ही तिथे कर भरत असाल तर गिफ्ट एड या सरकारी योजनेमुळे तुमच्या प्रत्येक पौंडामागे संस्थेला सरकारकडून आणखी २५ पेन्स मिळतात. बारा कुटुंबांच्या दानात ही रक्कम लहान नाही, आणि थेट पाठवलेत तर ती हातची जाते.

पाळकांशी बोलताना वसतिगृहाला नकार देऊन सुरुवात करू नका. त्यांना विचारा, सध्या तिथे असलेल्या प्रत्येक मुलाचं घर कोणी पाहिलं आहे? गेल्या वर्षभरात किती मुलं घरी परत गेली, आणि त्यांना परत नेण्यात काय अडलं? काय अडलं याची त्यांनी दिलेली यादी हाच तुमचा पहिल्या वर्षाचा अर्थसंकल्प. त्यात बहुधा फी असेल, एखाद्या आजीचा गळका पत्रा असेल, एखादी सायकल असेल. केनियाचं शालेय वर्ष जानेवारीत सुरू होतं आणि गणवेशाची शिलाई डिसेंबरात होते, म्हणून पैसे नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत पोचायला हवेत. नाताळच्या दानार्पणाची वाट बघितलीत तर एक सत्र वाया जाईल. पाळकांचं उत्तर आलं की मला जरूर कळवा, यादी आपण मिळून बघू.